अम्माची मापवही आणि कॉटरायचा स्कर्ट

आमच्या औंढ्यात शिंप्याकडे कपडा टाकायचा तर सोबत मापाचा कपडा न्यावा लागतो. ब्लाऊज शिवायचं असेल तर मापाचं ब्लाऊज, कुर्ता असेल तर जुना कुर्ता. बाई दुकानाच्या पायरीशी उभी राहते, पिशवीतून जुनं ब्लाऊज काढून देते, "याच्यासारखंच, फक्त गळा थोडा वर" एवढं सांगते आणि परत फिरते. शिंपी पुरुष, त्यामुळे अंगाला टेप लावायचा प्रश्नच येत नाही. ही रीत फक्त आम्हा मुसलमान बायकांची आहे असं कुणाला वाटेल, पण नागनाथाच्या देवळाकडच्या गल्ल्यांतल्या बायकाही अशाच पिशवी घेऊन जातात. यात एक गंमत होते. नवं ब्लाऊज जुन्याची नक्कल असतं, आणि ते जुनं त्याच्याही आधीच्या जुन्याची. बाईला दोन बाळंतपणं होतात, दुखणं येतं, वय होतं, पण ब्लाऊज लग्नातल्या मापाचंच शिवून येतं. मग घरी बसून शिवण उसवायची आणि हुक सरकवायचे.

अंगाबरोबर बसणाऱ्या स्कर्टला मात्र असा मापाचा कपडा नसतो. निदान आमच्या घरात नव्हता. शाळेचा चुण्यांचा स्कर्ट आम्ही सगळ्यांनीच घातला, पण त्याला कंबर सोडली तर माप असं काही लागत नाही. लेक दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आली ती लक्ष्मी रोडवरून घेतलेलं दीड मीटर कॉर्डरॉय घेऊन. कत्थई रंग, ५८ इंची पन्ना. म्हणाली, "मम्मी, सरळ स्कर्ट हवाय. कमरेत आणि सीटवर नीट बसणारा, पोटरीपर्यंत." तयार मिळतात की, असं मी म्हटलं. तिनं चार घालून पाहिले होते. कमरेला बसतो तो खाली अडकतो, खाली बसतो तो कमरेत गोळा होतो. कारखान्यातला साईज एका आकड्याचा असतो, आणि बाईच्या अंगाला निदान तीन आकडे लागतात.

इथं जरा मागचं सांगायला हवं. तिला पुण्याला पाठवायचं की नाही यावर आमच्या घरात गेल्या वर्षी अडीच महिने वाद झाला होता. घरातली बाहेरगावी राहून शिकणारी ती पहिली मुलगी. शेवटी सगळे 'ठीक आहे' म्हणाले, पण 'ठीक आहे' म्हणताना प्रत्येकानं आपली थोडी थोडी काळजी मागे ठेवून घेतली होती. ती सगळी आता या दीड मीटर कापडावर येऊन बसली. माझी नणंद, म्हणजे मुलीची फुफू, त्या दिवशी घरीच होत्या. आमच्या घरात दखनी बोलतात. आपांनी कापड बोटांत धरलं, कापडाचं कौतुक केलं आणि मग विचारलं, "स्कर्ट तो ठीक है, पर इत्ता तंग कायकू?" मुलगी म्हणाली, तंग नाही, फिटिंगचा. आपा म्हणाल्या, दोन्ही एकच. मी म्हटलं, एक नाही. तिघींचंही त्या दिवशी एवढ्यावरच थांबलं.

कापडाबद्दल आधी सांगते, कारण या कापडाचा स्वभाव कळल्याशिवाय त्याला कात्री लावू नये. आमच्याकडे याला कॉटराय म्हणतात. अब्बांची एक कॉटरायची पँट होती, खाकी, रुंद धारीची. ते घरात आले की मांडीला मांडी घासून होणाऱ्या खरखर आवाजावरूनच कळायचं आणि आम्ही रेडिओ बारीक करायचो. कॉर्डरॉय म्हणजे मुळात साधं सुती कापड, पण विणताना आडव्या धाग्यांचा एक जादा थर वर मोकळा ठेवतात. ते मोकळे धागे उभ्या ओळींत मधोमध कापले की त्यांचे टोकदार झुबके वर येतात. ब्रश मारून ते उभे केले की धारी तयार होते. एका इंचात किती धाऱ्या यावर कापडाची जात ठरते. आठच्या आसपास असतील तर जाड, पँट-जाकिटाचं. सोळा किंवा त्याहून जास्त असतील तर बारीक, मुलांच्या कपड्याचं आणि शर्टाचं. हिनं आणलेलं चौदाचं होतं. फूटपट्टी ठेवून मोजलं.

हे कापायचं काम आता यंत्र करतं. एके काळी इंग्लंडात मँचेस्टरच्या आसपास ते हातानं व्हायचं. लांबलचक टेबलावर कापड ताणून बसवायचं आणि एक लांब पातळ सुरी धारीत घालून चालत जायचं, परत यायचं, पुढची धार धरायची. बायका आणि कोवळी पोरंपोरी दिवसाला कित्येक मैल चालायची ती अशी, एका खोलीतल्या खोलीत. जर्मन आणि स्वीडिश भाषेत या कापडाला 'मँचेस्टर'च म्हणत आले आहेत. 'कॉर्डरॉय' म्हणजे फ्रेंचमध्ये 'राजाची दोरी' ही गोष्ट बरेच जण सांगतात, पण फ्रेंच लोक स्वतः या कापडाला तसं म्हणत नाहीत. कॉर्डरॉय ज्या कुळातलं, त्या 'फस्टियन' कापडाचं नाव मात्र पुष्कळ कोशकार फुस्तात या शहराशी जोडतात. इजिप्तमधलं हे शहर हजरत अम्र इब्नुल आस यांनी इ.स. ६४१च्या सुमाराला वसवलं, आज ते कैरोच्या पोटात आहे. पुण्याच्या दुकानातलं कापड, त्याच्या मागे मँचेस्टर, त्याच्याही मागे फुस्तात. आणि कापूस? तो आमच्याकडचाही असणार. शेजारचा वऱ्हाड म्हणजे कापसाची खाण. इंग्रजांनी तो निजामाकडून १८५३च्या तहात आपल्या ताब्यात घेतला तो हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी, आणि त्या फौजेची एक छावणी आमच्या हिंगोलीतच होती. आता आमच्या शिवारात सोयाबीन आणि हळदच जास्त दिसते, पण आजोळच्या घरात कापसाच्या गंजीत लपाछपी खेळल्याचं मला चांगलं आठवतं.

कापडाच्या स्वभावातली मोठी गोष्ट म्हणजे रुवाँ. वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत लागतं, खालून वर फिरवला तर हाताला अडतं. अडणाऱ्या दिशेनं पाहिलं तर रंग गडद, गुळगुळीत दिशेनं पाहिलं तर फिका आणि चकाकता. स्कर्टचा पुढचा भाग एका दिशेनं आणि मागचा उलट कापला तर एकाच थानातून कापूनही स्कर्ट दोन रंगांचा दिसतो. म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेनं ठेवून बेतायचे. मी कापड धुऊन वाळवलं (सुती आहे, आधी आटू द्यावं) आणि अम्माकडे घेऊन गेले. माझं माहेर आणि सासर दोन्ही औंढ्यातच, मध्ये दोन गल्ल्या. अम्माला आता दिसत फार कमी. तिनं कापड मांडीवर घेतलं, तळहात एकदा इकडून, एकदा तिकडून फिरवला आणि म्हणाली, "रुवाँ ऊपर को रख. रंग गहरा आता." तिच्या डोळ्यांना तो कत्थई रंग दिसत होता की नाही कुणास ठाऊक.

अम्मानं चाळीस वर्षं मोहल्ल्यातल्या बायकांचे कपडे शिवले. काळी उषा मशीन, आधी हाताची, मग पायाची. अब्बांच्या पगारात भागत नव्हतं हे त्याचं एक कारण. दुसरं कारण असं की बायकांना अंगाचं माप देता येईल असं ठिकाण हवं होतं. मापाचा कपडा घेऊन दुकानाच्या पायरीशी उभ्या राहणाऱ्या त्याच बायका अम्माकडे यायच्या तेव्हा दार लोटून घ्यायच्या, पदर किंवा दुपट्टा खाटेवर टाकायच्या आणि हात बाजूला करून उभ्या राहायच्या. अम्मा टेप फिरवायची आणि मी वहीत लिहायची. सातवी-आठवीत असेन.

ती वही लाल कापडी बांधणीची होती, दुकानदार उधारीसाठी ठेवतात तसली. त्यात एकाही बाईचं नाव नव्हतं. 'नीमवाली', 'कोनेवाली', 'मास्तरनी', 'मोठ्या देवळाकडची' अशा खुणा. अम्मा उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, तिनं घेतलेली मापं उर्दू आकड्यांत, मी लिहिलेली मराठीत. इंच आणि सूत. आठ सुतांचा एक इंच. साडेचौतीस आणि दोन सूत. मी एकदा विचारलं होतं की नावं का लिहायची नाहीत, तर म्हणाली, "ये अमानत है." वही कुणाच्या हाती लागली तरी कोणती कंबर कुणाची हे कळता कामा नये. ती वही मशीनच्या खणात असायची, कुलपात. त्या खणात पैसेही असायचे, पण कुलूप वहीसाठी होतं अशी माझी समजूत आहे.

एकेका खुणेखाली वर्षावर्षांची मापं आहेत. 'कोनेवाली'ची छाती एका वर्षात चौतीसवरून तीसवर आली. अम्मानं टेप परत लावला, परत तोच आकडा. तिनं कपडा शिवायला घेतलाच नाही, आधी सरकारी दवाखान्यात जाऊन ये म्हणाली, आणि सोबत स्वतः गेली. टीबी निघाला. ती बाई पुढे बरी झाली, वहीत तिचा आकडा हळूहळू चौतीसवर परत आलेला आहे. आणखी एक पान आहे. लग्न ठरलेली एक मुलगी, तीन महिन्यांच्या अंतरानं दोन मापं. कमरेत दोन इंचांचा फरक, बाकी सगळं तेच. मी आकडा लिहिला आणि मान वर केली. अम्मानं माझ्याकडे पाहिलंच नाही. तिनं त्या मुलीच्या निकाहच्या जोड्यात दोन्ही बाजूंना एक इंच सोडतात तिथं अडीच-अडीच इंच माया सोडली आणि तोंडातून शब्द काढला नाही. शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात त्याला मराठीत माया म्हणतात हे मला तेव्हापासून माहीत आहे. ती मुलगी आता आजी आहे.

म्हणून आमच्या आपांनी "तंग कायकू" विचारलं तेव्हा मला राग आला नाही. कुणी तरी काळजीनं विचारायलाच हवं. पण माझं म्हणणं एवढंच की कपडा तंग आहे की नाही हे दुरून बघणाऱ्यानं ठरवायचं नाही. ते टेपनं आणि बसण्या-उठण्यानं ठरतं. तंग कपड्यात श्वास घेता येत नाही, वाकता येत नाही, शिवण ताणते. फिटिंगच्या कपड्यात अंगाच्या मापाहून जादा सैलपणा मोजून ठेवलेला असतो. तो किती ठेवायचा हा खरा प्रश्न. तिच्या घालण्या-न घालण्याचा, वरून लांब कुर्ता घ्यायचा की नाही याचा निर्णय तिचा. तिनं तो मला सांगितलेला नाही, मी विचारलेला नाही. आपांचा एक मुद्दा मात्र मला पटला आणि मजेशीरही वाटला. मुलगी म्हणाली होती की तिकडे एक जण व्हॉट्सॲपवर मापं घेऊन शिवून देतो. आपा एकदम म्हणाल्या, "नको नको. मापां भेजनेके नईं. घरमेच सियो." म्हणजे स्कर्टला नकार होता, तो अर्ध्या तासात घरच्या शिलाईच्या आग्रहावर आला.

या गावात शिंपीकाम म्हटलं की दोन नावं येतातच. नामदेव महाराज शिंप्याच्या घरातले, त्यांचं नरसी गाव आमच्याच जिल्ह्यात. विसोबा खेचर त्यांना भेटले ते औंढ्याच्या देवळात, आणि नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरलं, म्हणून नंदी मागच्या बाजूला राहिला ही गोष्ट इथल्या प्रत्येक पोराला, कुठल्याही घरातल्या, पाठ असते. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यामुळे पंजाबातूनही लोक नरसीला येतात. आमच्या घरात शिवणाचे पीर म्हणजे हजरत इदरीस. कपडे शिवणारे ते पहिले, आणि सुईच्या प्रत्येक टाक्याला ते 'सुब्हानल्लाह' म्हणत अशी रिवायत आहे. अम्मा सुईत दोरा ओवताना बिस्मिल्लाह म्हणायची, आणि दोरा ओवला गेला नाही की दुसरंच काही तरी म्हणायची.

तर बेतणी. मुलीची खरी मापं इथं लिहिणार नाही, तेवढी अम्माची लेक आहेच मी. हिशेबापुरतं समजा कंबर २८ आणि सीट ३८. कमरेत एक इंच सैल, सीटला दोन इंच. म्हणजे २९ आणि ४०. चार भाग केले की कमरेचा पाव सव्वासात आणि सीटचा दहा. प्रत्येक पावात पावणेतीन इंचांचा फरक उरतो. हा फरक कुठं घालवायचा यातच फिटिंगचं सगळं काम आहे. सगळाच बाजूच्या शिवणीत घालवला तर कुल्ल्यावर शिवण फुगते आणि स्कर्ट भोपळ्यासारखा दिसतो. म्हणून सव्वा इंच बाजूच्या शिवणीत आणि दीड इंच टकात. मागच्या बाजूला दीड इंचाचा एकच जाड टक न घेता पाऊण-पाऊण इंचाचे दोन. पुढचे टक साडेतीन इंचांच्या आत संपवायचे, पोटाची गोलाई वर असते. मागचे पाच इंचांपर्यंत उतरवता येतात. हे आकडे पुस्तकात मिळतात, पण ते सरासरी बाईचे असतात. सरासरी बाई मी तरी पाहिलेली नाही, निदान अम्माच्या वहीत ती नाही.

आमच्यासाठी पुस्तकात एक गोष्ट नसतेच. ती पुस्तकं खुर्चीवर बसणाऱ्यांनी लिहिलेली असतात. आम्ही जमिनीवर बसतो. दस्तरखानावर जेवायला मांडी घालून किंवा एक गुडघा वर करून, नमाजला पाय दुमडून. उभ्यानं घेतलेलं सीटचं माप बसल्यावर इंच-दीड इंच तरी वाढतं. म्हणून अम्मा दोन्ही मापं घ्यायची, उभ्यानं आणि बसून. सैलपणा ठरवायचा तो बसलेल्या मापावरून. आणि सरळ स्कर्टमध्ये पाऊल टाकायचं तर मागे चीर हवी. पोटरीपर्यंतच्या लांबीला ती किती वर न्यायची, हा आपांच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा प्रश्न.

मी आधी जुन्या चादरीचा स्कर्ट शिवला, नुसत्या कच्च्या टाक्यांत. चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी हे केलेलं बरं, कारण कॉर्डरॉयमध्ये उसवलेल्या शिवणीच्या जागी रुवाँ दबलेला राहतो, भोकं दिसतात. चादरीचा स्कर्ट घालून मुलीला घरभर फिरवलं. ओट्यावरचा डबा काढायला लावला. दोन पायऱ्या चढायला लावल्या, एसटीची पायरी किती उंच असते ते माहीत आहे ना. मग आपाच म्हणाल्या, "सजदा करको बता." मुलीनं केला. उठताना मागची शिवण मधोमध ताणली, दोन टाके गेले. आपा खाली वाकून बघत होत्या. त्यांनी स्वतःचं बोट शिवणीत घातलं आणि म्हणाल्या, "याँ से एक उंगल और छोड़." नेमकी तीच जागा. सीटच्या रेषेखाली मागच्या दोन्ही भागांत तीन-तीन सूत वाढवले. चीर गुडघ्याच्या मागून बोटभर खाली सुरू करायची असं ठरलं, आणि खालचा थर वरच्या थराखाली दोन इंच आत जाईल अशी दुमड ठेवली, म्हणजे चालताना ती उघडते पण आतलं दिसत नाही. यावर कुणाचंच भांडण उरलं नाही. आपांनी आयुष्यभर फक्त सलवारी आणि बुरखे शिवले आहेत, पण माणसाचं अंग वाकतं कुठं हे त्यांना ठाऊक आहे.

मग खरं कापड. दुहेरी घडी न घालता एकेरीच पसरलं, उलटी बाजू वर, प्रत्येक तुकड्यावर खडूनं बाण काढला. पुढचा भाग अखंड, मागचे दोन. ५८च्या पन्न्यात तिन्ही शेजारी शेजारी बसले. कमरपट्टीचा आतला पदर कॉर्डरॉयचा न ठेवता पातळ सुती कापडाचा लावला, नाहीतर कंबर लाकडासारखी होते. मशीनला सोळा नंबरची सुई, टाका मोठा, पायाच्या दाबाचा स्क्रू थोडा सैल. शिवताना या कापडाचे दोन थर समोरासमोर आले की रुवाँ रुव्यात अडकतो आणि वरचा थर पुढे सरकत जातो. शेवटी वरचं कापड पाव इंच जास्त उरतं. त्यावर उपाय एकच, आधी हातानं धावदोरा घालायचा, टाचण्यांवर विसंबायचं नाही. मुलीला हे काम दिलं. तिनं मोबाईल उशीखाली ठेवून दोन दुपारी धावदोरा घातला. टाके वाकडे होते, पण कच्चे टाके वाकडे असले तरी चालतं.

इस्त्रीचं कठीण. कॉर्डरॉयवर सरळ इस्त्री ठेवली की रुवाँ चपटा होतो आणि इस्त्रीचा ठसा कायमचा राहतो. जाड टॉवेल अंथरायचा, कापडाची सुलटी बाजू त्यावर पालथी, वरून ओलसर फडकं, आणि इस्त्री घासायची नाही, फक्त टेकवून उचलायची. टकांच्या आतलं जादा कापड मधोमध चिरून दोन्हीकडे पाडायचं म्हणजे वर उंचवटा येत नाही. ओव्हरलॉक आमच्या घरी नाही, म्हणून आतल्या कडा पातळ अस्तराच्या पट्टीनं बांधल्या. या कापडाचे धागे फार सुटतात. चार दिवस घरात कत्थई भुसा उडत होता, चहातसुद्धा.

बाजूच्या शिवणींत मी एक-एक इंच माया सोडली. मुलगी म्हणाली, मम्मी, एवढी कशाला, जाड होईल. मी म्हटलं, राहू दे.

स्कर्ट तयार झाला तेव्हा ती तो घालून अम्माकडे गेली. अम्मानं तिला जवळ उभं करून कमरेपासून खालपर्यंत दोन्ही हात फिरवले, टकांची टोकं बोटांनी शोधली, बाजूची शिवण चिमटीत धरून आतली माया चाचपली. "सीधा है," म्हणाली. मग खणाची किल्ली मागितली. वहीत सात-आठ पानं कोरी होती. कमर, सीट उभ्यानं, सीट बसून, सीटची खोली, लांबी, चिरेची उंची, असं सगळं मुलीनं स्वतः मोजलं आणि स्वतः लिहिलं, मराठी आकड्यांत. खुणेच्या जागी काय लिहायचं विचारलं तर अम्मा म्हणाली, तुला हवं ते लिही. तिनं जे लिहिलं ते मी वाचलं आहे. इथं सांगत नाही. नंतर तिनं त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला. अम्माला तो आवाज कळला. क्षणभर तिनं तोंड उघडलं, मग काहीच म्हणाली नाही.

स्कर्ट पुण्याला गेला त्याला आता दीड महिना झाला. मी सोबत चिठ्ठी दिली आहे: उलटा करून धुवायचा, टॉवेलसोबत कधीच नाही, त्याची सगळी लव याला चिकटते, पिळायचा नाही, ओला असतानाच झटकून लटकवला तर इस्त्री लागत नाही. सोळा नंबरच्या सुयांचं एक पाकीटही दिलं आहे, वसतिगृहात मशीन नाही तरी. परवा आपांचा फोन आला होता. त्यांच्या मुलाला या कापडाची सदरी हवी आहे, किती मीटर लागेल विचारत होत्या. बिनबाह्यांची असेल तर दीडात होईल, बाह्या हव्या असतील तर दोन-सव्वादोन घ्या, रुवाँ एकाच दिशेचा असल्यानं तुकडे उलटसुलट बसवता येत नाहीत, असं मी सांगितलं. माप घ्यायला त्याला पाठवते म्हणाल्या. मी म्हटलं, पाठवा, आणि जुनं जाकीट देऊ नका सोबत.